बिनवळचणीचं घर

१

ड्यूटीवरून घरी आल्यावर सीमाचा एक क्रम ठरलेला होता आणि त्यात कुणी ढवळाढवळ केलेली तिला खपत नसे. खाकी शर्ट खुंटीला, पाय बादलीत, चहाचं आधण गॅसवर, आणि चहा उकळेपर्यंत हॉलची फरशी एका दमात पुसून काढायची. दिवसभर एसटीत लोकांची धूळ आणि भांडणं अंगावर घेणाऱ्या कंडक्टर बाईला स्वतःच्या घरात तरी लख्ख फरशी पाहिजे, असं तिचं म्हणणं. आतल्या खोलीतल्या पलंगावरून तिची आई, रतनबाई, रोज एकदा म्हणायची की पुसून पुसून त्या फरशीला भोक पडंल. सीमा म्हणायची, पडू दे, माझी हाय.

घर काष्टीत होतं, स्टेशनच्या वाटेला, बौद्धवस्तीच्या टोकाला. मुळात नुसत्या दोन पत्र्याच्या खोल्या. लग्न मोडून सीमा आईकडे परत आली, एसटीत लागली, आणि काही वर्षांनी तिने त्या खोल्यांच्या पुढ्यात मोठा हॉल काढला, जुना पत्रा उतरवला आणि सगळ्यावर मिळून एकच स्लॅब टाकला. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो, एक लोखंडी पलंग, टीव्ही आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. आल्यागेल्याला ऐसपैस बसता यावं म्हणून हॉल मोठा होता. त्याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवत नसे.

एका बाबतीत मात्र तिने छगन मिस्त्रीचं ऐकलं नव्हतं. स्लॅबची कड चारी बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढू, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीला लागणार नाही, असं तो म्हणत होता. सीमाने साफ नकार दिला. वळचण, म्हणजे छपराची ती बाहेर आलेली कड आणि तिच्याखालची चिंचोळी जागा, तिला आपल्या घराला नकोच होती. तिच्या आजीचा आणि पणजीचा जन्म लोकांच्या वळचणीला उभं राहण्यात गेला होता. मजुरीच्या दाण्यांसाठी, शिळ्या भाकरीसाठी, पाऊस आला तर नुसत्या आडोशासाठी त्या तिथे थांबायच्या. उंबऱ्याच्या आत त्यांना कुणी कधी घेतलं नाही. सीमाने छगनला बजावून सांगितलं होतं की माझ्या घराच्या वळचणीला कुणी उभं राहणार नाही, यायचं त्याने आत यावं. छगनने मान डोलावली आणि स्लॅब भिंतीच्या रेषेत संपवला.

पाण्याला असल्या गोष्टी कळत नाहीत. दरसालचा पाऊस थेट स्लॅबच्या कडेवरून भिंतीवर उतरत राहिला. आधी कडेला काळे ओघळ आले, मग पोपडे, मग सिमेंट फुगून आतली सळई तांबडी दिसायला लागली. घर पाहावं बांधून असं म्हणतात. सीमाने बांधून पाहिलं आणि आता ते कडेकडेने कुजताना पाहायची पाळी तिच्यावर आली होती. पण ती कुणाला बोलू देत नव्हती.

सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्राचा पाऊस लागलेला असताना, एका दुपारी तिने नेहमीसारखी फरशी पुसली. चहा गाळायला ती आत गेली आणि कप घेऊन बाहेर आली, तर हॉलच्या कोरड्या फरशीवर थेंब पडलेले होते. सांडलेले नव्हेत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एका सरळ ओळीत, वीतवीतभर अंतरावर.

२

सीमाने आधी वर पाहिलं. ते कुणीही केलं असतं. छत पांढरं, कोरडं, एक डाग नाही.

तिने खुर्चीवर खुर्ची ठेवली, वर चढली आणि थेंबांच्या बरोब्बर वरच्या जागेवर तळहात दाबून धरला. चुन्याची पावडर हाताला लागली, तीही कोरडी. मग तिने जुना पेपर घेतला आणि छतावर ठिकठिकाणी दाबून बघितला. पेपर कुठेही ओला झाला नाही. बाहेर पाऊस चालूच होता. तिने खाली उतरून पाहिलं तेव्हा ओळीतले थेंब आधीपेक्षा मोठे झाले होते.

तिला राग आला. भीती वाटली असती तर तिने ती कबूल केली नसती, पण खरोखर तिला त्या वेळी फक्त राग आला. घर आपलं, कष्ट आपले, आणि पाणी तिऱ्हाइतासारखं आत शिरतंय. तिने मनाशी कारणं लावून पाहिली. फरशीखालून ओल वर येत असेल. पण खालून आलेली ओल पसरते, ओळीने बसत नाही. हवेतला दमटपणा असेल. पण तो सगळीकडे का नाही? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं खरं, आणि ते कुठे हे शोधून काढल्याशिवाय ती गप्प बसणार नव्हती.

शेजारी पितृपंधरवड्याच्या वड्यांचा वास सुटला होता. शेजारणीने तिचं खुर्च्यांवर चढणं खिडकीतून पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. ऐकल्यावर ती आवाज खाली आणून म्हणाली की दिवस वाईट आहेत, एक पान वाढून ठेव. सीमाने तिला तिथल्या तिथे सुनावलं की आमच्या घरात ते सगळं आमच्या आजाने नदीत सोडलं, छताच्या गळतीला पान वाढत नाहीत, मिस्त्री बोलावतात.

मिस्त्रीला तिने तरीही बोलावलं नाही. छगन आला असता तर कडेबद्दल बोलला असता.

३

पुढच्या पावसाला तिने भांडी मांडली. पातेली, तांबे, परात, पेले, घरात होतं नव्हतं ते सगळं ओळीने. सुट्टीचा दिवस होता, वीज गेलेली, आणि भर दुपारी हॉलमध्ये संध्याकाळसारखा उजेड. सीमा पलंगावर बसून ऐकत राहिली. भांड्यांत थेंब पडत होते आणि प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा होता. डावीकडून उजवीकडे तो आवाज सरकत जायचा. टप, टप, टप. पत्र्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. छपराच्या कडेवरून पागोळ्या गळतात तेव्हा असाच येतो.

छत सहा हात वर आणि कोरडं, आणि खाली पागोळ्या.

मग तिच्या ध्यानात आलं की ओळीच्या मधोमध आवाज तुटतोय. डावीकडून तो येतो, मध्ये थोडी जागा मुकी जाते आणि पलीकडून पुन्हा सुरू होतो. तिने उठून पाहिलं. मधली दोन पातेली आतून कोरडी होती. त्यांच्या दोन्ही बाजूंची भांडी निम्मी भरलेली. तिने कोरडं पातेलं उचलून ओलं पातेलं तिथे ठेवलं, ओल्याच्या जागी कोरडं. पातेल्याचा दोष नव्हता. त्या जागेवर पडणारे थेंब खाली येण्याआधीच कशावर तरी पडत होते, आणि ते जे काय होतं ते वाजत नव्हतं.

तिने सगळी भांडी भराभर काढून घेतली. उघड्या फरशीवर आता थेंब फुटायला लागले आणि त्यांचे शिंतोडे आतल्या भिंतीपर्यंत उडाले. बघता बघता तेवढा पट्टा पूर्ण ओला झाला. फक्त मधल्या दोन जागा कोरड्या राहिल्या. शेजारी शेजारी, लांबट, पुढून रुंद. टाचा भिंतीकडे, बोटं दाराकडे.

मग, स्वतःलाच दाखवायला की यात काही नाही, तिने आपलं डावं पाऊल उचलून एका जागेवर ठेवलं. ती जागा तिच्या पावलाहून आखूड होती आणि चवड्याशी जास्त फाकलेली, कधी चप्पल न घातलेल्या पायासारखी. फरशी तिथे ऊबदार होती. कुणी नुकतंच उठून गेल्यावर खुर्ची लागते तशी.

तिने पाय काढून घेतला. तिच्या डोक्यावर, केसांच्या भांगात, एक गार थेंब पडला.

४

रतनबाई पावसात हॉलमध्ये येत नाही, हे सीमाला तेव्हा कुठे जाणवलं. इतके दिवस ती म्हातारपणाची खोड असेल असं तिला वाटत होतं. न्हाणीकडे जायचं तरी म्हातारी लुगडं चिमटीत धरून त्या ओळीच्या कडेने जायची, जत्रेत माणूस बसलेल्यांच्या पंगतीला वळसा घालून जातो तशी.

तिने आईला सरळ विचारलं. रतनबाईने आधी ऐकू न आल्याचं सोंग केलं. सीमाने तिच्यापुढून चहाचा कप उचलून घेतला तेव्हा तिला लगेच ऐकू आलं.

तिने सांगितलं ते एवढंच, की जुन्या घराची पुढची भिंत म्हणजे आताची ही हॉलची आतली भिंत. जुना पत्रा तिच्यापुढे हातभर आलेला होता आणि त्याच्या पागोळ्या तिथेच, बरोब्बर त्या ओळीत पडायच्या. सीमालाही आठवलं. त्या पागोळ्यांनी अंगणात खळग्यांची ओळ पडलेली असायची आणि ती शाळेची पाटी त्यात धुवायची. हॉल बांधताना ते अंगण आत आलं. खळगे बुजवून त्यावर फरशी बसली.

"तुला वाटलं तू वळचण मोडली," रतनबाई म्हणाली. "मोडली न्हाईस सीमे. तू ती घरात घेतलीस."

"आन तिथं उभं कोन हाय?"

"इचारायचं नसतं."

"आई, कोन हाय?"

रतनबाईने कपाकडे हात केला. सीमाने कप दिला. म्हातारीने दोन घोट घेतले आणि पाठ केलेलं म्हणावं तसं एका सुरात म्हणाली, "वळचनीला आलेल्याला हाकलायचं न्हाई. नाव इचारायचं न्हाई. आन आत बोलवायचं न्हाई. मंग ते आपलं उभं ऱ्हातं. काय करत न्हाई."

सीमाने हे उडवून लावलं. तिने आईला चांगलं झापलं की भिक्खू आले की पहिल्या ओळीत बसतेस, हात जोडतेस, आणि मनात अजून हे असलं घेऊन बसलीस. रतनबाईने वाद घातला नाही. तिने फक्त पाय पलंगावर वर घेतले, कारण बाहेर पुन्हा पाऊस लागला होता.

त्या पावसात सीमाने पाहिलं, तर कोरड्या जागा दोनच नव्हत्या. पहिल्या जोडीच्या पलीकडे, भिंतीला अंग चोरून, आणखी एक जोडी होती.

५

शेवटी छगन मिस्त्रीला बोलवावंच लागलं. दाराच्या वरच्या कडेचा एक तुकडा, चांगला वरवंट्याएवढा, सकाळी ती कुलूप लावत असताना तिच्या पायापाशी येऊन पडला. हातभर पुढे असती तर डोक्यात बसला असता.

छगन आला, शिडी लावली, हातोडीने कड वाजवून बघितली. त्याला बोलायला फार आवडायचं आणि आज त्याच्याकडे बोलायला भरपूर होतं. तवाच म्हनलो हुतो, या वाक्याने त्याने सुरुवात केली आणि तिथूनच शेवट केला. मधला मुद्दा सीमाला न सांगताही दिसत होता. कडेची सळई गंजली होती, गंज फुगला की सिमेंट फोडतो, आणि ही कीड कडेवरून आत सरकते. आणखी एखादा असा पावसाळा गेला तर हॉलचा पुढचा भाग खाली येईल.

"घर पायजे का हट्ट पायजे, ते सांगा ताई," तो म्हणाला.

आतल्या गळतीचंही त्याने कारण सांगितलं. पानी लई लबाड असतं, शिरतं एकीकडून आन टपकतं भलतीकडंच. कड नीट झाली की आतलं आपोआप बंद होईल, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. छत कोरडं कसं, हे सीमाने विचारलं तेव्हा त्याने तंबाखू मळायला घेतली.

त्या दिवशी तिला रडू आलं. मोरीत तोंड धुताना, पाण्याच्या आवाजात, कुणाला कळू नये अशा बेताने ती रडली. आयुष्यात एकच गोष्ट तिने जगाच्या नाकावर टिच्चून केली होती, आणि तीच आता आपल्या हाताने पुसायची होती. घर गेलं तर म्हाताऱ्या आईला घेऊन कुठे जायचं? नगरला भाड्याच्या खोलीत? तिला हे घर हवं होतं. आणि हेच घर हवं होतं, बिनवळचणीचं.

तिने छगनला होकार दिला. रतनबाईला कळल्यावर म्हातारीचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला.

"बाहीर वळचन झाली का आतली आपसूक मोकळी हुईल," ती म्हणाली. "त्यांना जागा पायजे. तू जागाच ठेवली न्हवती."

सळईसाठी करतेय मी, असं सीमा ताडकन म्हणाली.

६

पावसाने उघडीप दिली तशी छगनने कामाला हात घातला. फुगलेलं सगळं सिमेंट त्याने छिन्नीने उडवलं, सळया तारेच्या ब्रशने घासून लख्ख केल्या, गंज धरू नये म्हणून त्यांना रंगाचे दोन हात लावले, आणि नव्या सळया बांधून चारी बाजूंनी कड बाहेर काढली. वरून बाहेरच्या अंगाला उतार. खालच्या बाजूला, कडेच्या तोंडापासून दोन बोटं आत, एक बारीक खाच सोडली. पाणी कडेखालून सरपटत भिंतीकडे यायला बघतं, ते त्या खाचेशी तुटून खाली पडावं म्हणून. सीमाने शिडीवर चढून ती खाच बोट फिरवून तपासली, कारण काम करायचं तर चोख, मग ते मनाविरुद्ध का असेना.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दुपारी ती आईची वेणी घालत आतल्या खोलीत बसली होती. वरून छगनचा आवाज आला.

"आज्जी, जरा बाजूला व्हा. राडा पडतोय खाली."

रतनबाईच्या खांद्याला सीमाचा हात लागलेला होता. तो खांदा दगडासारखा ताठ झाला. थोड्या वेळाने छगन पुन्हा म्हणाला, या वेळी वैतागून, "ओ आज्जी, सांगतोय ना. डोक्यात पडंल."

सीमा बाहेर आली. भिंतीला लागून कुणी नव्हतं. छगन शिडीच्या टोकाला बसून खाली पाहत होता आणि त्याच्या हातातली थापी तशीच राहिली होती. त्याने सीमाकडे पाहिलं, मग तिच्यामागे दारात येऊन थांबलेल्या रतनबाईकडे पाहिलं, मग पुन्हा खाली.

एवढा बडबड्या माणूस, पण राहिलेलं काम त्याने तोंड मिटून उरकलं. शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत टाकताना त्याने सीमाला एवढंच सांगितलं, की काम पक्कं झालंय, आता पानी भिंतीला शिवणार न्हाई, आणि मला परत बोलवू नका.

७

हस्ताचा पाऊस आला तो असा आला की रस्त्यापलीकडची झाडं दिसेनात. सीमाची दुपारची फेरी रद्द झाली होती. ती पायरीवर बसावं तशी पलंगाच्या काठावर बसली आणि फरशीकडे बघत राहिली.

फरशी कोरडी होती. पाऊस वाढला, तरी कोरडी. ना थेंब, ना ओळ, ना आवाज. ती जागा आता घरातल्या कुठल्याही जागेसारखी होती. तिने तिथे हात ठेवला. फरशी गार लागली, फरशीसारखीच.

रतनबाई बाहेर आली. लुगडं चिमटीत न धरता ती सरळ त्या ओळीवरून चालत आली, खुर्चीत बसली आणि टीव्ही लाव म्हणाली. सीमाला हसू फुटलं. छगनचं खरं असो की आईचं, तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. घर वाचलं होतं. तिने चहा टाकला, दोघींनी तो हॉलमध्ये बसून घेतला, आणि म्हातारीने चक्क बिस्किटाचा दुसरा पुडा फोडायला लावला.

कप ठेवायला उठताना तिची नजर खिडकीबाहेर गेली. नवी कड चोख काम करत होती. भिंत कोरडी ठाक, आणि भिंतीपासून दीड फुटावर पागोळ्यांचा अखंड पडदा. पाणी खाचेशी तुटत होतं आणि सरळ खाली येत होतं.

दाराजवळ ते सरळ येत नव्हतं. तिथल्या पागोळ्या वरून नीट सुटत होत्या आणि माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येऊन फुटत होत्या. फुटलेलं पाणी दोन्हीकडे उताराने ओघळत होतं, जरा खाली जाऊन पुन्हा बाहेरच्या बाजूला पसरत होतं, आणि मग धारेने जमिनीवर पडत होतं. मध्ये काहीच दिसत नव्हतं. फक्त पाणी कुठे कुठे अडतं ते दिसत होतं.

ते पाणी थंडीने काकडल्यासारखं थरथरत होतं.

"बघू नगं," मागून रतनबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "गेलं ना बाहीर? आता ऱ्हाऊ दे तिथं. पाऊस सरला का जातंय."

८

सीमा खिडकीतून हलली नाही. दार लावलेलं होतं, कडी घातलेली होती, घर कोरडं होतं. काही करायची गरज नव्हती. सगळे नियम पाळले गेले होते.

"आई," तिने विचारलं, "हाकलायचं न्हाई, नाव इचारायचं न्हाई, आत घ्यायचं न्हाई. हे तुला कुनी सांगितलं?"

"आयनं."

"आन तिला?"

रतनबाईने बिस्किटाचा पुडा मुडपून बाजूला ठेवला.

"ती उभी असायची त्या घरच्यांनी," सीमाच म्हणाली. "आतून. दाराच्या आतून सांगितलं त्यांनी. आन आज आतून आपन सांगतोय."

"सीमे, ते काय हाय आपल्याला ठावं न्हाई. मानूस हाय का काय हाय."

"तिलाबी असंच म्हनत असतील."

ती दाराकडे निघाली. रतनबाईने तिचा हात धरला, आणि म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं सीमाला कधी वाटलं नव्हतं. नको, ती म्हणाली, मी तुझ्या पाया पडते. सीमाने तिची बोटं हळूच सोडवली. तिला स्वतःला इतकी भीती वाटत होती की कडीला हात लावायला दोनदा प्रयत्न करावा लागला. पण त्या भीतीहून मोठा होता तो राग, इतक्या वर्षांचा, तिच्याही आधीचा. आपल्याच दारात, आपल्याच स्लॅबखाली, आपण बांधलेल्या कडेच्या आडोशाला कुणी काकडत उभं राहायचं आणि आपण आत बिस्किटं खायची, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. मग ते काहीही असो.

तिने कडी काढली आणि दार सताड उघडलं.

गार हवा आत आली, आणि तिच्याबरोबर भिजलेल्या घोंगडीचा, चुलीच्या धुराचा वास. दाराच्या बाजूला पाणी अडत होतं तसंच अडत होतं.

"उभं नका राहू," सीमा म्हणाली. "आत या. हे माझं घर हाय. आत या."

काही झालं नाही. मग दाराजवळच्या पागोळ्या एकाएकी सरळ झाल्या आणि थेट फरसबंदीवर आपटायला लागल्या. उंबऱ्याच्या आत, पुसलेल्या लख्ख फरशीवर, एक ओलं पाऊल उमटलं. आखूड, चवड्याशी फाकलेलं. मग दुसरं. ते सीमाच्या अगदी कोपराजवळून गेलं, आणि त्या एका क्षणी तिला दिसले ते फक्त दोन हात, कोपरापासून पुढचे, काळे, सुरकुतलेले, भिजलेले. त्यांची ओंजळ केलेली होती आणि ती पुढे धरलेली होती. घरात आल्यावरही ती ओंजळ सुटली नव्हती.

पावलं हॉलच्या मध्यापर्यंत गेली आणि थांबली. पुढे कुठे जायचं हे ठाऊक नसल्यासारखी.

रतनबाई उठली. तिने पदर डोक्यावरून घेतला, आपली खुर्ची दोन्ही हातांनी त्या पावलांकडे ढकलली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

सीमा दार लावायला वळली. तेव्हा तिने बाहेर भिंतीच्या कडेने पाहिलं. दाराजवळची जागा मोकळी झाली होती, पण तिच्या पुढे पागोळ्या पुन्हा डोक्याच्या उंचीवर फुटत होत्या. त्याच्या पुढेही. खिडकीखाली, कोपऱ्यापर्यंत, आणि आवाजावरून कोपऱ्यापलीकडे मागच्या बाजूलाही, जिथवर छगनने कड बाहेर काढली होती तिथवर, पाणी खांद्याला खांदा लावून अडत होतं. मध्ये मध्ये ते कमरेच्याच उंचीवर फुटत होतं, लहान पोरांच्या उंचीवर.

आणि दार उघडल्यापासून ती सगळी ओळ, थोडी थोडी, दाराकडे सरकत होती.

आत बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्ची कुरकुरली, कुणी वजन टाकल्यासारखी. हॉल मोठा होता, पण एवढा मोठा नव्हता. दार लावून घ्यायला एक क्षण पुरला असता आणि कुणी तिला नावं ठेवली नसती.

तिने पलंग पायाने भिंतीकडे रेटला, जागा केली आणि श्रीगोंद्याच्या स्टँडवर गर्दीत लावायची तो आवाज लावला.

"चला, पुढं सरका," ती म्हणाली. "आत सरका. मागच्यांना येऊ द्या."

ओली पावलं उंबरा ओलांडायला लागली. सीमाने दार धरून ठेवलं.